टेसरॅक्ट सोर्समधून टाकलं, चाललं, आणि अपडेटनंतर परत "लायब्ररी सापडत नाही": दर वेळी हे का होतं

तक्रार अशी असते. टेसरॅक्ट, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं ओळखून टेक्स्ट काढणारा प्रोग्राम, लिनक्सवर सोर्समधून (मूळ कोडवरून स्वतः) कंपाइल केलं, मेक इन्स्टॉल एकही एरर न देता पार पडलं, दोन-चार पानं व्यवस्थित वाचलीसुद्धा, आणि मग काही दिवसांनी सिस्टम अपडेट झाली की टर्मिनलवर हे येतं:

एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज: लिबलेप्ट.एसओ.५: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

कधी लिबलेप्टच्या जागी लिबटेसरॅक्ट.एसओ.५ असतं, कधी "फेल्ड लोडिंग लँग्वेज मार" (मार म्हणजे मराठी) येतं, आणि कधी एरर काहीच नसते पण निकाल जुन्या व्हर्जनसारखा गचाळ येतो. शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट कारण तो लक्षातच येत नाही.

इथे बडोद्यात हे काम करणारे बरेच आहेत. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून कपाटं भरून पुस्तकं आहेत, सयाजीरावांच्या काळातली म्हणजे शंभर वर्षांहून जुनीसुद्धा निघतात, कागद हात लावला की तुटतो, पावसाळ्यात दमट होऊन पानं चिकटतात, त्यामुळे लोक स्कॅन करून टेक्स्ट काढून ठेवतायत आणि हे काम मला खूप मोलाचं वाटतं. म्हणूनच वाईट वाटतं जेव्हा कोणी फोन करून म्हणतं "दादा, काल रात्रीपर्यंत चालत होतं हो, आज नाही चालत, परत सगळं पहिल्यापासून कंपाइल करू का?" नका करू. पहिल्यापासून कंपाइल केलं की बहुतेक वेळा ते तात्पुरतं चालतं, आणि पुढच्या अपडेटला परत तेच. कारण बिघाड कंपाइल होण्यात नसतोच, तो शोधण्यात असतो.

(कमांड आणि पाथ इथे देवनागरीत लिहिलेत, टर्मिनलवर अर्थात नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाका.)

त्याआधी एक विचारतो, सोर्समधून टाकायची खरंच गरज आहे का? उबंटू २२.०४ मध्ये एपीटीने (उबंटू-डेबियनवर तयार पॅकेज टाकणारी कमांड) टेसरॅक्ट ४.१.१ येतं आणि टेसरॅक्ट ५ तर नोव्हेंबर २०२१ मध्येच आलं, त्यामुळे २२.०४ वाल्यांना गरज आहे हे समजू शकतो, ५ खरोखर जास्त वेगाने चालतं. पण उबंटू २४.०४ वर एपीटीने ५.३.४ मिळतं, डेबियन १२ वर ५.३.०. तेवढ्याने भागत असेल तर एपीटीचंच वापरा आणि जुनी पानं स्कॅन करण्यात वेळ घालवा. खाली जे आहे ते ज्यांना सोर्समधून टाकणं भागच आहे त्यांच्यासाठी.

आता मुख्य गोष्ट. सोर्समधून टाकलेला प्रोग्राम चालायला शोधाशोध करणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येक जण आपापल्या ठरलेल्या जागीच बघतो, दुसऱ्याला विचारत नाही. कंपाइल करताना कॉन्फिगर (मशिनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) आणि कंपाइलर हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते सांगणाऱ्या) शोधतात. तुम्ही टेसरॅक्ट असं टाइप केलं की शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारं, सहसा बॅश) तो प्रोग्राम शोधतं. प्रोग्राम सुरू होताना लोडर एसओ फाइली, म्हणजे लायब्ररी, शोधतो, आणि तो हे दर वेळी नव्याने करतो, कंपाइल करताना काय सापडलं होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि सुरू झाल्यावर टेसरॅक्ट स्वतः भाषेची फाइल शोधतं. तर एरर आली की पहिला प्रश्न, यातल्या कोणाला सापडत नाहीये? तेवढं कळलं की दहा मिनिटांचं काम आहे. लोक हे न बघता एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररीची जागा), टेसडेटा_प्रीफिक्स (भाषेच्या फाइलींची जागा), पाथ (प्रोग्रामची जागा) असं जे मिळेल ते बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) घालत जातात आणि मग कशामुळे चाललं होतं हेच कळत नाही.

आधी शेल बघू, कारण ते पटकन होतं.

टाइप -ए टेसरॅक्ट

दोन ओळी आल्या, /यूएसआर/लोकल/बिन मधला एक आणि /यूएसआर/बिन मधला एक, म्हणजे एपीटीचं जुनं अजून आहे. सहसा लोकल आधी असतं त्यामुळे तुमचंच चालतं, पण बॅश एकदा सापडलेली जागा लक्षात ठेवतं, म्हणून नवीन टाकल्यावरही त्याच टर्मिनलमध्ये जुनं चालत राहू शकतं. त्याला हॅश -आर म्हणा किंवा नवीन टर्मिनल उघडा. मग टेसरॅक्ट --व्हर्जन बघा.

आणि क्रॉन! पन्नास पानं रात्री क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं) लावून झोपणारे खूप जण आहेत. क्रॉनचा पाथ छोटासा असतो, साधारणपणे नुसतं /यूएसआर/बिन आणि /बिन, त्यात लोकल नसतं. म्हणजे दिवसा हाताने चालवलं की व्हर्जन ५ आणि रात्री क्रॉनने ४, एकाच मशिनवर, एकाच पुस्तकाची अर्धी पानं एकाने वाचलेली आणि अर्धी दुसऱ्याने, आणि एरर कुठेच नाही. शिवाय बॅशआरसीमध्ये घातलेलं काहीही क्रॉनला दिसत नाही. क्रॉनच्या ओळीत नेहमी पूर्ण पाथ लिहा, ही सवय लावूनच घ्या.

आता लोडर, म्हणजे ती प्रसिद्ध एरर. हे चालवा:

एलडीडी /यूएसआर/लोकल/बिन/टेसरॅक्ट

यात ज्या ओळीपुढे "नॉट फाउंड" आहे तेवढीच बघायची. लिबटेसरॅक्टपुढे असेल तर तुमची स्वतःची लायब्ररी लोडरला दिसत नाहीये. लोडर दर वेळी पूर्ण डिस्क धुंडाळत नाही, तो /ईटीसी/एलडी.एसओ.कॅश ही तयार यादी वाचतो, आणि मेक इन्स्टॉलने फाइल ठेवली तरी ती यादी नव्याने झालेली असेलच असं नाही. उबंटू-डेबियनवर /यूएसआर/लोकल/लिब यादीच्या सेटिंगमध्ये आधीच असतं त्यामुळे सुडो एलडीकॉन्फिग एवढं पुरतं. फेडोरा आणि त्या घराण्यातल्या सिस्टमवर ते नसतं, तिथे /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाइल करून त्यात /यूएसआर/लोकल/लिब असं लिहायचं आणि मग एलडीकॉन्फिग. कॉन्फिगरऐवजी सीमेकने बिल्ड केलं असेल तर तिथे फाइली लिब६४ मध्ये गेलेल्या असू शकतात, ते बघून तो पाथ घाला. झालं की एलडीकॉन्फिग -पी ला ग्रेप लावून खात्री करा.

पण लिबलेप्टपुढे "नॉट फाउंड" असेल तर गोष्ट वेगळी आहे, आणि दर महिन्याला परत येणारा प्रॉब्लेम बहुतेक हाच असतो. टेसरॅक्ट चित्र वाचायचं काम स्वतः करत नाही, लेप्टोनिका नावाच्या लायब्ररीकडून (लिबलेप्ट ती हीच) करून घेतं. बहुतेकांनी लेप्टोनिका एपीटीने टाकलेली असते आणि टेसरॅक्ट तेवढं सोर्समधून. मग एपीटीला काय माहीत की /यूएसआर/लोकल मध्ये कोणी त्याच्या लिबलेप्ट५ वर अवलंबून आहे? त्याच्या हिशोबात एपीटीचं टेसरॅक्ट काढून टाकलं, डेव्हलपमेंटचं पॅकेज काढलं, आता लिबलेप्ट५ कोणालाच नको. पुढच्या एपीटी ऑटोरिमूव्हला ते जातं. कोणी "डिस्क भरली म्हणून साफ केली" म्हणतं तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. उपाय:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिबलेप्ट५
सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल लिबलेप्ट५

दुसरी ओळ खात्रीसाठी, म्हणजे एपीटीला कळतं की हे मला हवंय, आपणहून काढू नको.

सिस्टमच पुढच्या व्हर्जनवर नेली असेल तर मात्र हे चालणार नाही. लेप्टोनिकाच्या १.८३ पासून लायब्ररीचं नाव आणि नंबर दोन्ही बदलले, लिबलेप्ट.एसओ.५ चं लिबलेप्टोनिका.एसओ.६ झालं. तसंच उबंटू २२.०४ वरून २४.०४ ला गेलात तर लिबटिफ ५ ची ६ होते. इथे नेटवर हमखास एक सल्ला मिळतो, नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक (त्याच फाइलकडे नेणारं दुसरं नाव) करा. कृपा करून करू नका. नंबर बदलतो तो आतली रचना बदलली म्हणूनच, लिंक केली तर एरर जाईल पण प्रोग्राम मध्येच क्रॅश होईल किंवा चूक वाचेल, आणि तीनशे पानांनंतर कळेल. अशा वेळी नव्या सिस्टमवर परत बिल्ड करणं हाच खरा उपाय आहे, आणि त्यासाठी जुना बिल्ड फोल्डर वापरू नका, मेक डिस्टक्लीन करा किंवा सोर्स नव्याने उघडा, नाहीतर जुनी ऑब्जेक्ट फाइल मध्ये अडकते.

एलडी_लायब्ररी_पाथ बद्दलही माझं मत स्पष्ट आहे, तपासण्यापुरतं एका कमांडच्या आधी लावून बघायला उत्तम, बॅशआरसीमध्ये कायमचं ठेवायला अजिबात नाही. ते तुमच्या सेशनमधल्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होतं, मग इमेज व्ह्यूअर बंद पडतो आणि टेसरॅक्टशी त्याचा संबंध आहे असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

आता एक वेगळी एरर जी लोक टेसरॅक्टची समजतात पण तशी नाही: "पिक्सरीडमेमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट". इथे लेप्टोनिकासुद्धा सोर्समधून टाकलेली असते. लेप्टोनिकाचं कॉन्फिगर चालवताना पीएनजी, जेपेग किंवा टिफचं डेव्हलपमेंट पॅकेज मशिनवर नसेल तर ते थांबत नाही, त्या फॉरमॅटशिवाय बिल्ड करून मोकळं होतं. म्हणून टेसरॅक्ट दहा वेळा कंपाइल केलं तरी फरक पडणार नाही. टेसरॅक्ट --व्हर्जन च्या खाली लेप्टोनिकाची ओळ आणि तिच्याखाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब अशी यादी येते, त्यात तुमच्या स्कॅनचा फॉरमॅट नसेल तर लिबपीएनजी-डेव्ह, लिबजेपेग-डेव्ह, लिबटिफ-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह टाका, लेप्टोनिकाचं कॉन्फिगर परत चालवा, मेक, मेक इन्स्टॉल, एलडीकॉन्फिग. टेसरॅक्टला हात लावायची गरज नाही.

भाषेची फाइल. मेक इन्स्टॉल भाषा आणत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मार.ट्रेनडडेटा वेगळी उतरवून /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये ठेवावी लागते. एपीटीच्या भाषा वेगळ्या जागी असतात, व्हर्जन ४ च्या वेळी /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/४.००/टेसडेटा आणि व्हर्जन ५ ला तिथेच ५/टेसडेटा, आणि सोर्सवालं टेसरॅक्ट तिकडे आपणहून बघत नाही. म्हणून "एपीटीने मराठी टाकली तरी म्हणतं सापडत नाही" ही तक्रार येते. टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज ने त्याला काय दिसतंय ते आणि कुठे बघतंय तेही कळतं.

टेसडेटा_प्रीफिक्स वापरत असाल तर जुन्या लेखांपासून सांभाळा. व्हर्जन ३ मध्ये त्यात टेसडेटाच्या वरच्या फोल्डरचा पाथ द्यायचा, ४ पासून थेट टेसडेटा फोल्डरचाच. आणि कधीकाळी बॅशआरसीमध्ये घातलेली ओळ तशीच पडून असेल तर नवं टेसरॅक्ट तीच ऐकतं, आधी ती काढा.

फाइल जागेवर आहे तरी "फेल्ड लोडिंग" येतंय? एलएस -एलएच ने साइज बघा. काही केबी असेल तर ती भाषेची फाइल नाहीच, ब्राउझरने गिटहबचं एचटीएमएल पान त्या नावाने सेव्ह केलंय. रॉ वाल्या बटणावरून उतरवा.

बडोद्यातल्यांसाठी यात एक खास गोष्ट आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या छपाईत एकाच पानावर मराठी आणि गुजराती दोन्ही असतं, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका, हिशोबाच्या वह्यांची छापील पानं, आणि त्यासाठी -एल मार+गुज असं देतात, बरोबर आहे. पण गुज.ट्रेनडडेटा नसेल तर टेसरॅक्ट थांबत नाही, वर एक ओळ लिहितं की गुज लोड झाली नाही आणि एकट्या मराठीवर पुढे चालू लागतं. शेकडो पानांच्या लूपमध्ये ती ओळ कोण बघतंय? गुजराती मजकुराच्या जागी देवनागरीतलं काहीतरी अर्थहीन येतं आणि दोष स्कॅनरला जातो. म्हणून लूप लावायच्या आधी एकच पान चालवा आणि टर्मिनलवरचं सगळं वाचा.

कंपाइलच होत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. "लेप्टोनिका १.७४ ऑर हायर इज रिक्वायर्ड" असं कॉन्फिगर म्हणतं तेव्हा लेप्टोनिका नाहीये असंच नसतं, बरेचदा लायब्ररी असते पण हेडर आणि पीकेजी-कॉन्फिग वाचतं ती .पीसी फाइल नसते, त्या लिबलेप्टोनिका-डेव्ह मध्ये येतात. पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन लेप्ट ने नंबर आला पाहिजे. बाकी कुठल्याही कॉन्फिगर एररला कॉन्फिग.लॉग उघडा, पण एकदम तळाशी नका बघू, तळाला नुसत्या व्हेरिएबलची लांबच लांब यादी असते, ज्या तपासणीवर अडकलं तिचं नाव शोधा आणि तिच्या लगेच खाली कंपाइलरचं खरं म्हणणं असतं. मेक चालू असताना "किल्ड, सीसी१प्लस" आलं तर कोड नीट आहे, रॅम संपली, ४ जीबीच्या मशिनवर मेक -जे८ (एका वेळी आठ कामं) देऊ नका, -जे२ द्या, वेळ लागेल पण होईल. मॅकवर एलडीडी नसतं, तिथे ओटूल -एल (हा एल कॅपिटल).

आता कायमचं कसं करायचं. मी सगळ्यांना हेच सांगतो की /यूएसआर/लोकल मध्ये टाकू नका. तिथे ठेवलेली लायब्ररी उबंटूवर एपीटीच्या त्याच नंबरच्या लायब्ररीच्याही पुढे येते, म्हणजे तुमच्या लेप्टोनिकामुळे दुसरेच प्रोग्राम बिघडू शकतात. एक वेगळा फोल्डर घ्या, लेप्टोनिका आणि टेसरॅक्ट दोन्ही त्यातच बसवा, आणि प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवा की लायब्ररी कुठे आहे. आधी जुनं काढा, त्याच जुन्या सोर्स फोल्डरमधून सुडो मेक अनइन्स्टॉल, म्हणूनच तो फोल्डर कधी डिलीट करू नये. मग लेप्टोनिकाच्या फोल्डरमध्ये:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/टेस५
मेक -जे२
सुडो मेक इन्स्टॉल

आणि टेसरॅक्टच्या फोल्डरमध्ये (कॉन्फिगर नावाची फाइलच नसेल तर आधी ./ऑटोजेन.एसएच, त्याला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल लागतात), पहिली लांब ओळ एकाच ओळीत द्यायची:

पीकेजी_कॉन्फिग_पाथ=/ऑप्ट/टेस५/लिब/पीकेजीकॉन्फिग ./कॉन्फिगर --प्रीफिक्स=/ऑप्ट/टेस५ एलडीफ्लॅग्ज="-डब्ल्यूएल,-आरपाथ,/ऑप्ट/टेस५/लिब"
मेक -जे२
सुडो मेक इन्स्टॉल

आरपाथवाला तुकडा हाच सगळ्याचा जीव आहे. त्याच्यामुळे लोडर तुमच्या फोल्डरमध्ये आधी बघतो, एलडीकॉन्फिग नको, एलडी_लायब्ररी_पाथ नको, क्रॉनमध्येही चालतं. स्वल्पविरामांमध्ये स्पेस देऊ नका, आणि -डब्ल्यूएल मधला डब्ल्यू कॅपिटल, एल स्मॉल. झाल्यावर रीडएल्फ -डी /ऑप्ट/टेस५/बिन/टेसरॅक्ट मध्ये रनपाथची ओळ दिसायला हवी, आणि एलडीडीमध्ये लेप्टोनिका /ऑप्ट/टेस५ मधून येतेय असं दिसायला हवं. /यूएसआर/लिब मधून येत असेल तर पीकेजी_कॉन्फिग_पाथ लागला नाही, परत कॉन्फिगर करा.

भाषा /ऑप्ट/टेस५/शेअर/टेसडेटा मध्ये ठेवा, तिथे ते आपणहून बघतं. रोजच्या वापरासाठी /यूएसआर/लोकल/बिन मध्ये टेसरॅक्ट५ नावाची सिमलिंक करा, प्रोग्रामची सिमलिंक चालते, ती लायब्ररीच्या नंबरची लबाडी नाही. नाव वेगळं असल्याने एपीटीचं टेसरॅक्ट शेजारी राहिलं तरी गोंधळ नाही, आणि उद्या नवं व्हर्जन आलं तर /ऑप्ट/टेस५३ असा दुसरा फोल्डर करा, जुनं चालू ठेवूनच नवं तपासता येतं, पसंत पडलं नाही तर फोल्डर उडवला की विषय संपला.

पीएनजी, टिफ या लायब्ररी मात्र तरीही सिस्टमच्याच राहतात, त्यामुळे उबंटूचं मोठं व्हर्जन बदललं की लेप्टोनिका आणि टेसरॅक्ट याच क्रमाने परत बिल्ड करावं लागेल. वरच्या सहा ओळी आणि कोणतं व्हर्जन घेतलं ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून /ऑप्ट/टेस५ मध्येच ठेवा.

एवढं करूनही अडलं तर विचारा, पण फोनने काढलेला स्क्रीनचा अर्धा फोटो नको. टाइप -ए टेसरॅक्ट, टेसरॅक्ट --व्हर्जन, एलडीडीचं आउटपुट, --लिस्ट-लँग्ज, आणि एनव्ही ला ग्रेप लावून टेसडेटा व एलडी_ असलेल्या ओळी, हे सगळं टेक्स्ट म्हणून कॉपी करून पाठवा. क्रॉनमध्ये बिघडत असेल तर हेच क्रॉनमधून चालवून फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल पाठवा, टर्मिनलवरची नाही.